पिन अडकलेल्यांचे घराणे

फ्रेंच रेडिओने ५ ऑक्टोबर १९४८ रोजी एक मैफल प्रसारित केली. कलाकार असे: पॅरिसच्या बातिन्योल यार्डातली वाफेची इंजिने, खेळण्यातले भोवरे, पातेल्यांची झाकणे, कालव्यातली एक बोट आणि एका मुलीचा खोकला. पियानोही होता आणि त्यावर होता तेव्हा तेवीस वर्षांचा, पुढे जगभर गाजलेला पिएर बुलेझ. मैफलीचे नाव होते 'गोंगाटाची मैफल'. गोंगाटाला 'सुरेल संध्या' म्हणण्याची रीत आपल्याकडे रूढ असल्यामुळे हा प्रामाणिकपणा मराठी वाचकाला जरा चक्रावून टाकील.

मैफलीचे कर्ते पिएर शेफेर हे गायक-वादक नव्हते, रेडिओतले इंजिनिअर होते. वडील व्हायोलिनवादक, आई गायिका. अशा घरातला मुलगा इंजिनिअर निघाला तर आईवडिलांना काय वाटत असेल, याची कल्पना मराठी घरात करणे अवघड, कारण इथे हे दुःख उलट्या दिशेने वाहते. शेफेर यार्डात गेले तेव्हा त्यांनी इंजिन ड्रायव्हरांना चक्क सवाल-जवाब करायला सांगितले. एकाने शिटी द्यायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचे. ड्रायव्हरांनी ते केले. रेल्वेच्या कोणत्या नियमाखाली केले, हा तपशील संगीताच्या इतिहासात येत नाही.

खोकल्याची कथा तर फारच उद्बोधक आहे. साशा गित्री हे तेव्हाचे फ्रान्समधले बडे नट आणि नाटककार. त्यांच्या मधाळ आवाजाचे रेकॉर्डिंग चालू असताना स्क्रिप्ट सांभाळणारी मुलगी खोकली. तबकडी बाद झाली आणि खोक्यात जाऊन पडली. तीच शेफेरना सापडली. दुसऱ्या कोणी खोकला कापून गित्री ठेवले असते. शेफेरनी दोघांनाही ठेवले आणि त्यांच्या जोडीला पातेली आणून बसवली.

त्यांच्या हाती तेव्हा टेप नव्हती, तबकड्या होत्या. तबकडीवरची खाच बाहेरून आत वळत जाते. शेफेरनी ती एकाच फेऱ्यात बंद करून टाकली, म्हणजे पिन तिथल्या तिथे फिरत राहणार. मिनिटाला ७८ फेरे धरले तर एक फेरा सुमारे पाऊण सेकंदाचा. एवढासा आवाज पुन्हा पुन्हा ऐकला की आधी ऐकणाऱ्याला 'ही आगगाडी' असे कळते, मग 'कळले, पुढे?' असे वाटते आणि त्यानंतर केव्हातरी आगगाडी निघून जाते आणि मागे नुसता ठेका उरतो. पिन अडकलेल्या माणसाला मराठी समाजात टाळतात. पॅरिसमध्ये त्याला स्टुडिओ मिळाला.

ध्वनिमुद्रित आवाज, यंत्र आणि माणसाचे बोलणे यांची मोडतोड करून बनणाऱ्या या संगीताला इलेक्ट्रोअकूस्टिक म्हणतात. त्याच्या इतिहासात सौंदर्यशास्त्रावरचे जाडजूड ग्रंथ आहेत, परिषदा आहेत, एकमेकांशी न बोलणारी घराणी आहेत. पण नीट पाहिले तर हा सगळा दुरुस्त न केलेल्या बिघाडांचा इतिहास आहे. ज्या ठिकाणी शहाणा माणूस मेकॅनिकला फोन करतो, त्या ठिकाणी ही मंडळी कागद-पेन्सिल घेऊन बसली.

शेफेर यांचे सहकारी पिएर आंरी यांचेच पाहा. १९६३ साली त्यांनी कुरकुरणारे एक दार आणि एक सुस्कारा घेऊन पाऊण तासाच्या आसपास चालणारी रचना केली. दार रडते, घोरते, शिंकते, तावातावाने भांडते. कोकणातल्या कोणत्याही जुन्या घरात याहून तयारीची दारे आहेत; पण तिथे बिजागरीत तेल सोडणारी एक आजी असते, त्यामुळे रचना पूर्ण होत नाही.

जर्मनांचे वेगळे. कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत ऑसिलेटर या विजेवर सूर काढणाऱ्या यंत्रातून निघालेल्या शुद्ध स्वरांनाच मान होता. रस्त्यावरचे, यार्डातले आवाज म्हणजे पॅरिसवाल्यांचा उनाडपणा. तिथे कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांनी एका लहान मुलाचा आवाज आत आणला. 'गेसांग डेअर युंगलिंगे' या रचनेत बायबलमधल्या दानिएलच्या ग्रंथातली, धगधगत्या भट्टीत टाकलेल्या तीन तरुणांची कथा आहे. ते जळत नाहीत, देवाची स्तुती गात राहतात. मुलाच्या आवाजाचे तुकडे करून श्टॉकहाउझेन यांनी ते विजेच्या स्वरांत असे मिसळले, की शब्द मध्येच कळतो, मध्येच विरघळतो. शब्द किती कळावा याच्या त्यांनी सात पायऱ्या ठरवल्या होत्या. (शास्त्रीय गायनातल्या बंदिशींचे शब्द ऐकणाऱ्यांना यातल्या खालच्या तीन-चार पायऱ्या परिचयाच्या असतील.) तेरा मिनिटांच्या या रचनेला दीड वर्षाच्या आसपास लागले आणि ३० मे १९५६ रोजी ती पहिल्यांदा श्रोत्यांसमोर वाजली, तीही सभागृहाच्या चहूबाजूंना ठेवलेल्या लाउडस्पीकरांमधून. मंचावर कोणीच नव्हते, त्यामुळे टाळ्या कोणाकडे पाहून वाजवायच्या, हा प्रश्न या संगीतात तेव्हापासून आहे. तो मुलगा, योझेफ प्रोच्का, मोठेपणी ऑपेरातला टेनर गायक झाला. एवढे तुकडे करूनही आवाज शाबूत राहिला म्हणायचा.

श्टॉकहाउझेन यांचा चेहरा १९६७ साली 'बीटल्स'च्या 'सार्जंट पेपर'च्या मुखपृष्ठावर झळकला. पुढल्या वर्षी 'बीटल्स'मधल्या लेनन यांनी त्याच वाटेने जाऊन 'रेव्होल्यूशन ९' हा आठ मिनिटे बावीस सेकंदांचा टेप-गोंधळ 'व्हाइट आल्बम'मध्ये घुसवला. त्यात 'नंबर नाइन' म्हणत राहणारा गृहस्थ म्हणजे रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकच्या परीक्षेच्या जुन्या टेपवरचा निवेदक. बिचारा परीक्षेचा प्रश्नक्रमांक सांगायला आला होता. पॅरिस आणि कोलोनच्या सगळ्या पंडितांना मिळून लाभले नसतील इतके श्रोते त्याला लाभले. त्यांतल्या बहुतेकांनी सुई उचलून पुढच्या गाण्यावर ठेवली, ही गोष्ट वेगळी.

पण या सगळ्या मंडळींत राहायला जावे असे ठिकाण एकच, मिलान. तिथल्या सरकारी रेडिओत लुचानो बेरिओ आणि ब्रुनो मादेर्ना यांनी १९५५ साली ध्वनिस्टुडिओ उभारला. नऊ ऑसिलेटर होते, आणि दहावा ऑसिलेटर म्हणजे कॅथी बर्बेरियन, असे तिथे गमतीने म्हटले जाई. आर्मेनियन वंशाची ही अमेरिकन गायिका बेरिओंची पत्नी. हसणे, हुंदका, चिरका आवाज, मांजरासारखे गुरगुरणे आणि त्याच श्वासात ऑपेरा, हे सगळे तिच्या एका गळ्यात नांदत होते. उम्बेर्तो एको तेव्हा त्याच रेडिओत नोकरीला होते. त्यांच्या नादाने बेरिओ जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'मधल्या अकराव्या प्रकरणाकडे वळले. हे प्रकरण मुळातच वाचणाऱ्याला दाद देत नाही. ते बर्बेरियनकडून वाचून घेऊन बेरिओंनी १९५८ साली टेपवर कापले, ताणले, एकावर एक चढवले आणि 'थेमा' तयार केली. कळण्याची जी काही धुगधुगी होती ती संपली. आणि गंमत अशी, की पुस्तकात जे प्रकरण दातओठ खाऊन वाचावे लागते, ते टेपवर ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात.

त्यानंतरची 'व्हिसाज' १९६१ची. बेरिओंनी ती रेडिओसाठीच केली. एकवीस मिनिटे बर्बेरियन अडखळते, हसते, कण्हते, रडते, कोणाची तरी समजूत घालते, कोणावर तरी खेकसते, आणि हे सगळे कोणत्याही भाषेत न बोलता. नीट कळणारा शब्द एकच येतो, आणि इटालियनमध्ये त्याचा अर्थ आहे 'शब्द'. इटालियन रेडिओने ही रचना अश्लील ठरवून प्रसारित करायला नकार दिला. एकही वाक्य नसलेल्या रचनेतले नेमके कोणते वाक्य आक्षेपार्ह आहे, हे फायलीवर कसे नोंदवले असेल देव जाणे! पण यापेक्षा मोठी पावती नाही. अर्थ काढून टाकला तरी ऐकणारा तो स्वतःच्या पदरचा घालतो, आणि काय घालतो त्यावरून रचनेपेक्षा ऐकणाऱ्याचीच माहिती जास्त मिळते.

याच मिलानमध्ये १९५८ साली बेरिओंच्या निमंत्रणावरून अमेरिकन संगीतकार जॉन केज आले. घरमालकीणबाईंचे नाव होते सिन्योरा फोंताना, म्हणून केजनी टेपवरच्या रचनेला 'फोंताना मिक्स' असे नाव दिले. बर्बेरियनसाठी त्यांनी 'आरिया' लिहिली. तिच्यात पाच भाषा आहेत आणि गायनाच्या दहा तऱ्हा रंगीत रेषांनी दाखवल्या आहेत. एवढे करून खिसा रिकामाच. मग १९५९ च्या सुरुवातीला केज इटालियन टीव्हीवरच्या 'लाशा ओ रादोप्पिआ' या प्रश्नमंजूषेत उतरले. विषय घेतला अळंब्या, ज्यांचा त्यांना गाढा नाद होता. मध्येच त्यांनी आपली कलाही सादर केली: बाथटब, झारी, बर्फाचे खडे, रबरी बदक वगैरे. इटलीने ते सहन केले. शेवटच्या प्रश्नात एका जातीच्या अळंब्यांची सगळी नावे सांगायची होती. चोवीस नावे. केजनी ती वर्णानुक्रमाने सांगितली आणि पन्नास लाख लिरा जिंकल्या. या घराण्यातल्या माणसाला घसघशीत पैसा मिळाला तो असा. त्यातून त्यांनी मित्र मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यपथकासाठी फोक्सवागन बस घेतली.

बाकीच्यांची ओळख धावती करून दिलेली बरी. फ्रान्सचे आंरी शोपँ, पियानोवाल्या शोपँचे कोणी नव्हेत, मायक्रोफोन तोंडात कोंबून शरीराच्या आतले आवाज टिपत. टेपवरचा आधीचा आवाज पुसला जाऊ नये म्हणून टेपरेकॉर्डरच्या पुसणाऱ्या हेडपाशी ते काडेपेटीतल्या काड्या अडकवत. म्हणजे इथेही बिघाडच, फक्त हाताने केलेला. स्टॉकहोममध्ये फिल्किंगेन या संस्थेभोवती कवी आणि संगीतकार जमले आणि १९६७ साली त्यांनी आपल्या उद्योगाला 'शब्द-ध्वनी-रचना' असे नाव दिले. त्यांच्यातले ओके हुडेल पूर्वी हवाई दलात वैमानिक होते. प्रशिक्षणात विमान कोसळल्यावर त्यांचे सैन्याविषयीचे मत कायमचे बदलले, आणि कवायतीतल्या एका हुकमाची अक्षरे ताणून ताणून त्यांनी त्याची पार रया घालवली.

अमेरिकेत बिघाडाला पहिला मान स्टीव्ह राइश यांनी दिला. १९६४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये एक रस्त्यावरचा धर्मोपदेशक नोहाच्या काळातल्या जलप्रलयावर बोलत होता. राइश यांनी ते टेप केले. पाऊस येणार असे तो म्हणतो तेवढाच तुकडा दोन टेपरेकॉर्डरवर लावून नेमका जुळवायचा, असा बेत होता. पण यंत्रे स्वस्तातली. एक हळूहळू पुढे सरकू लागले. आधी आवाज नुसता जाड झाला, मग घुमू लागला, मग एका माणसाचे दोन झाले, आणि मधल्या फटीतून कोणीच न गायलेले सूर ऐकू यायला लागले. राइश यांनी यंत्र बंद केले नाही. १९६५ सालच्या 'इट्स गॉना रेन'मध्ये एका कबुतराचे पंख फडफडल्याचा आवाजही तसाच आहे आणि तो ढोलासारखा वाजतो.

पुढल्या वर्षीची 'कम आउट' ऐकताना मात्र थट्टा करवत नाही. न्यूयॉर्कमध्ये अटक झालेल्या सहा कृष्णवर्णीय मुलांपैकी एक, डॅनिएल हॅम, त्यात बोलतो. पोलिसांनी मारले, पण रक्त दिसत नव्हते म्हणून दवाखान्यात नेत नव्हते. तेव्हा त्याने रक्त बाहेर यावे म्हणून स्वतःचाच सुजलेला भाग दाबून उघडला. या वाक्याचा शेवटचा तुकडा राइश फिरवत राहतात. शेवटी शब्द ओळखू येत नाहीत, पण श्रोता ते विसरूही शकत नाही. मुलांच्या फेरखटल्याला पैसा उभारण्यासाठी झालेल्या कार्यक्रमात हा तुकडा १९६६ साली वाजला.

बोलण्याचे गाणे का होते, याचा उलगडाही अपघातानेच सुरू झाला. मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच १९९५ साली स्वतःच्याच निवेदनाचे ध्वनिमुद्रण तपासत होत्या. एक तुकडा फिरत राहिला आणि त्यांना वाटले, खोलीत कोणीतरी गातेय. त्या स्वतःच बोलत होत्या. एकदा तो तुकडा गाणे म्हणून ऐकला की पुन्हा पूर्ण वाक्यात ऐकला तरी नेमका तेवढाच भाग सुरात येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांची रोजची बोलणी एखादवेळी सुरेल वाटू लागली, तर घाबरून जाऊ नये.

बिघाडाला सर्वांत सभ्यपणे वागवले ॲल्विन ल्यूसिए यांनी. 'आय ॲम सिटिंग इन अ रूम' ही त्यांची १९६९ सालची रचना. ते खोलीत बसून एक परिच्छेद वाचतात. आपण आता हे बोलणे टेप करणार, मग ते याच खोलीत वाजवून पुन्हा टेप करणार, आणि असे शब्द नाहीसे होईपर्यंत करत राहणार, एवढेच त्या परिच्छेदात आहे. रहस्यकथेच्या पहिल्या पानावर खुन्याचे नाव छापावे तसा हा प्रकार. तरी शेवटपर्यंत उठवत नाही. प्रत्येक खोलीला स्वतःचे काही आवडते सूर असतात, तेवढे ती घुमवते आणि बाकीचे गिळते. बाथरूममध्ये प्रत्येकाला आपण कुमार गंधर्व वाटतो, ते याच कारणाने. १९८० च्या आवृत्तीत हे बत्तीस वेळा केलेले आहे. आधी व्यंजनांच्या कडा झिजतात, मग शब्द पाण्याखाली जातात आणि अखेरीस उरतो तो घंटांचा निनाद.

ल्यूसिए अडखळत बोलत. आपल्या बोलण्यातले खाचखळगे गुळगुळीत व्हावेत म्हणून हा खटाटोप, असे त्यांनी त्याच परिच्छेदात सांगून टाकले आहे. खोलीने शब्द पुसले, अर्थ पुसला. पण ज्या जागी ते अडखळले होते त्या जागा ठेका होऊन राहिल्या. या कल्पनेचे मूळ ऐकण्यासारखे आहे. एमआयटीतले अमर बोस, म्हणजे लाउडस्पीकरवाले, बंगाली वडिलांचे चिरंजीव, आपले स्पीकर तपासताना त्यांचा आवाज त्यांच्यातूनच पुन्हा पुन्हा फिरवतात, असे ल्यूसिएंच्या कानावर आले होते. बोस त्यातून दोष शोधत. ल्यूसिए त्यावरच थांबले.

रॉबर्ट ॲशली यांची अडचण आणखी नाजूक. ते अधूनमधून नकळत पुटपुटत. हे पुटपुटणेच संगीत का नसावे, असा प्रश्न त्यांना पडला. पण ठरवून पुटपुटायला बसले की ते नकळत राहत नाही! मायक्रोफोन समोर ठेवून, एकटे बसून, शेवटी त्यांनी ते पकडले आणि १९७९ साली 'ऑटोमॅटिक रायटिंग' आली. शेचाळीस मिनिटे एक माणूस पलीकडच्या खोलीत झोपेत बडबडतोय असे वाटते, आणि तो काय म्हणतोय ते कळावे म्हणून ऐकणारा श्वास रोखून बसतो. घरातला माणूस स्पष्ट बोलत असताना इतके लक्ष कोण देते?

भारतही या पंगतीला होता. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये गीता साराभाई यांनी केजना भारतीय संगीत शिकवले आणि मोबदल्यात त्यांच्याकडून पाश्चात्त्य काउंटरपॉइंट शिकून घेतला. १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत केजचे सहकारी डेव्हिड ट्यूडर मूग सिंथेसायझर घेऊन आले आणि तिथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला. गीताबेननी त्यावर काम केले. मग टेपा कपाटात गेल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने २०१७ साली त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्या प्रकाशित झाल्या. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती यांच्या 'एक्सप्लोरर' (१९६८) सारख्या लघुपटांसाठी बासरीवादक विजय राघव राव ध्वनीचे असेच प्रयोग करत होते. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य सिनेमाआधी दाखवणे थिएटरांना सक्तीचे होते. म्हणजे पॅरिसला कधी न लाभलेला श्रोता मिळवण्याची इथे सरकारी सोय होती: राजेश खन्नाला पाहायला आलेला आणि दार बंद झाल्यामुळे अडकलेला.

आज ब्रिटनचे ट्रेव्हर विशार्ट यांच्या 'ग्लोबलालिया'त २६ भाषांतली ८,००० हून अधिक अक्षरे नाचतात, आणि कोणाला त्यात बंडखोरी दिसत नाही. शेफेर मात्र अखेरपर्यंत खट्टू राहिले. १९८६ सालच्या एका मुलाखतीत त्यांनी सांगून टाकले, की चाळीस वर्षे खपल्यावर आपल्याला कळले ते एवढेच, दो-रे-मीच्या बाहेर काही नाही. हे त्यांचे मत त्यांच्याच शिष्यपरिवाराने ऐकून न ऐकल्यासारखे केले. बरेच केले. ज्याने खोकल्याला मैफलीत बसवले त्याच्या थकव्यावर विश्वास ठेवायचे कारण नाही.

ज्यांना यात शिरायचे असेल त्यांनी अमेरिकेच्या पॉल लान्स्की यांच्या १९८५ सालच्या 'आयडल चॅटर'पासून सुरुवात करावी. दहा मिनिटांच्या आत संपते, चेहऱ्यावर हसू राहते, आणि बोलणाऱ्या बाई, म्हणजे लान्स्कींच्या पत्नी, एकही शब्द कळू देत नाहीत. मग राइश, मग ल्यूसिए, तेही एका बैठकीत, मध्ये चहा न घेता. 'व्हिसाज' रात्री लावायची झाल्यास खिडक्या बंद कराव्यात. तरीही सोसायटीचे सेक्रेटरी दार वाजवायला आलेच, तर 'हे संगीत आहे' असे चुकूनही सांगू नये. 'इंग्रजी सिनेमा लागला होता' म्हणावे.